नारळी-पोफळीच्या सावलीत पिंपळी

कोकणातील नारळी-पोफळीच्या बागांत झाडांच्या दोन ओळींमधील बरीच जमीन मोकळी राहते. सावलीमुळे तेथे नेहमीचा भाजीपाला नीट येत नाही. अशा जागेसाठी पिंपळी ही सदाहरित, जमिनीलगत पसरणारी वेल उपयुक्त आहे. पिंपळाच्या वृक्षाशी तिचा संबंध नाही. ती मिरीच्या कुळातील आहे. सुंठ, मिरे व पिंपळी मिळून आयुर्वेदातील त्रिकटू होते, तर तिची मुळे पिंपळमूळ किंवा गंठोडा या नावाने घरोघरी परिचित आहेत.

लागवड का हवी?

पिंपळी मुळात दमट अरण्यातील वनस्पती. पिंपळमुळासाठी वेल मुळासकट खणावी लागते. खणलेल्या जागी पुन्हा लावणी झाली नाही, तर ती तेथून नाहीशी होते. म्हणूनच औषधासाठी लागणारा माल जंगलातून ओरबाडण्याऐवजी बागेत पिकविणे इष्ट होय. विदर्भात अंजनगाव-सुर्जी, अचलपूर व अकोट या भागांत पानपिंपरी या नावाने तिची परंपरागत लागवड होत आली आहे.

लागवडीची पद्धत

सेंद्रिय द्रव्याने युक्त, ओलावा धरणारी, परंतु पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन निवडावी. सावली विरळ, साधारणतः २० ते २५ टक्के असावी. दाट अंधारात पाने वाढतात, पण कणसे कमी लागतात. नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात आणि बाजारात जाणारी आखूड, जाड कणसे मादी वेलीवरच धरतात. यास्तव फाटे घेताना वेलीची खात्री करून घेणे अगत्याचे आहे.

मार्च-एप्रिलमध्ये ३ ते ५ पेरांचे फाटे पिशव्यांत लावून पावसाच्या आरंभी ६० सेंटिमीटर अंतरावर लावावेत. लावणीपूर्वी वाफ्यात भरपूर कुजलेले शेणखत घालावे. उन्हाळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन व आठवड्यातून एकदा पाणी आवश्यक आहे. पाणी साचल्यास मात्र मुळे कुजतात. नारळी-पोफळीचे खतपाणी वेगळे द्यावे, अन्यथा मुख्य पिकास तोटा होईल.

उत्पन्न

सुमारे सहा महिन्यांनी कणसे धरू लागतात. ती पूर्ण भरून काळपट हिरवी झाली, पण पिकली नाहीत, अशा अवस्थेत तोडून ४-५ दिवस उन्हात वाळवावीत. वेल साधारण तीन वर्षे किफायतशीर उत्पन्न देते. त्यानंतर मुळे काढून पिंपळमूळ मिळविता येते. दरम्यान जमीन झाकली गेल्याने तण दबते व पावसाने होणारी धूप कमी होते. लागवडीपूर्वी खरेदीदाराची चौकशी मात्र जरूर करावी.

पंचायतीची जबाबदारी

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची आहे. गावच्या रानात पिंपळी आढळत असल्यास तिची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत व्हावी. शाळेच्या आवारात, झाडांखालच्या एका वाफ्यात ती लावल्यास विद्यार्थ्यांना नर-मादी वेलींचा भेद प्रत्यक्ष पाहता येईल आणि गावाला पुढील लागवडीसाठी फाटेही मिळतील.