प्रिंटरचे नाव, राउटरची वही

वीज जाऊन आली की घरातला प्रिंटर कित्येकदा लॅपटॉपला सापडेनासा होतो. तो जागचा हललेला नसतो. बदललेला असतो त्याचा आकडा, म्हणजे घरच्या जाळ्यातला पत्ता. काल १९२.१६८.१.१२, आज १९२.१६८.१.१७.

म्हणून यंत्राला आकड्याऐवजी नावाने हाक मारणे बरे. इंटरनेटच्या पूर्वजाच्या, अर्पानेटच्या, काळात सगळ्या यंत्रांची नावे आणि आकडे एकाच फाइलीत असत. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळी. यंत्रे वाढली, फाइल आवरेना. १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी हे काम अनेक सर्व्हरांत वाटणारी डीएनएस पद्धत आखली.

घरात मात्र नावांची एकच वही पुरते, आणि तिची खरी जागा राउटरमध्ये. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवरच्या प्रणालीत ती सायमन केली यांचा डीएनएसमास्क हा छोटासा प्रोग्रॅम सांभाळतो. आकडे वाटणारा आणि नावे सांगणारा तोच, म्हणून दोन्हींचा मेळ राहतो. प्रिंटरच्या मॅक पत्त्यासमोर, म्हणजे त्याच्या हार्डवेअरच्या ओळखक्रमांकासमोर, कायमचा आकडा आणि नाव लिहून सेव्ह केले की झाले.

नावाला '.लोकल' मात्र जोडू नये. ते मल्टिकास्ट डीएनएससाठी, म्हणजे सर्व्हरशिवाय यंत्रांनी एकमेकांना थेट नाव विचारण्याच्या पद्धतीसाठी, राखीव आहे. घरगुती जाळ्यासाठी २०१८पासून 'होम.आर्पा' हे शेपूट ठरलेले आहे. एवढे करूनही फोनला 'प्रिंटर.होम.आर्पा' सापडेना, तर त्याची खासगी डीएनएसची सेटिंग पाहावी: तिथे बाहेरचा सर्व्हर नेमलेला असेल, तर फोन राउटरला विचारतच नाही.