सायकल हलकी करायची, पण कुठून?

इंदूरच्या सांवेर रोडवर कारखाने, मालट्रक आणि धूळ. महूपलीकडे जानापावच्या वाटेला चढ आणि दगडधोंडे. एकाच माउंटन बाइकवर दोन्ही निभवायचं, तर वजन कुठलं कमी करायचं हे आधी ठरवा.

सुरुवात चाकांपासून. वेग घेताना रिम आणि टायर पुढे तर न्यावे लागतातच, शिवाय फिरवावेही लागतात. 29 इंची चाकाची साधी ट्यूब साधारण 200 ग्रॅमची. ट्यूबलेसमध्ये तिच्या जागी सीलंट येतं, तरी थोडं वजन वाचतं आणि बाभळीच्या काट्याचं छिद्र बहुधा आपोआप बुजतं.

आऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. दोन्ही टोकांना 2 मिलिमीटर आणि मध्ये 1.8 मिलिमीटर असा आरा हलका असूनही सरसकट जाड आऱ्यापेक्षा जास्त टिकतो. धक्का बसला की बारीक मधला भाग लवचिकपणे ताणला जातो आणि आरा जिथे हमखास तुटतो, त्या हबजवळच्या वाकावरचा भार हलका होतो.

ॲल्युमिनियम पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचं, पण लहानसहान धक्क्यांनीही ते हळूहळू थकत जातं. म्हणून हँडल, स्टेम आणि सीटपोस्टमध्ये पन्नास ग्रॅमसाठी जोखीम नको. उतारावर हँडल तुटलं तर सावरायला वेळच मिळत नाही. बोल्ट टॉर्क पान्याने, छापलेल्या न्यूटन-मीटरइतकेच आवळा. आणि पडून वाकलेलं ॲल्युमिनियमचं हँडल सरळ करून पुन्हा लावू नका, बदलाच.