दोन पावसाळ्यांचं घर

परभणीत वसमत रोडकडच्या आमच्या वसाहतीत एक जुनं घर हिवाळ्यात विकलं गेलं. घेणाऱ्याने पुट्टी मारली, रंग दिला, नवं गेट बसवलं, अंगणात पेव्हर ब्लॉक टाकले आणि उन्हाळा लागायच्या आत ते एका निवृत्त शिक्षकांना विकून तो मोकळा झाला. जुलैत खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी भेग गेली. भविष्यनिर्वाह निधीची सगळी रक्कम त्या घरात घातलेले ते गृहस्थ भिंतीसमोर खुर्ची टाकून बसलेले मी पाहिले. जुनं घर घेऊन, नीट करून, नफ्याने विकण्याचं हे काम प्रामाणिकपणे करता येतं का, हे मला समजून घ्यायचं होतं.

ओळखीतला एक तरुण तेच करत होता. खताचं दुकान चालवतो, वय तिशीच्या आसपास, आणि हे त्याचं पहिलंच घर. जुन्या परभणीतल्या एका गल्लीत पुढच्या बाजूला विटांच्या दोन खोल्या अन् स्लॅब, मागे माळवदाची एक खोली. मालक पुण्याला स्थायिक झालेले, घर चार वर्षं बंद. दार उघडलं की कोंडलेल्या ओलीचा आणि भिजवलेल्या चुन्याचा एकत्र वास येई. पुढे मी जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा आधी तो वास घ्यायची. तो कमी होत गेला, पण पुरता गेला नाही.

काम करत होते ते मिस्त्री साठीला टेकलेले. तरुण त्यांना मामा म्हणायचा, मीही तेच म्हणू लागले. मला वाटलं होतं, ते थापी घेऊन इथल्या भिंतीची भेग बुजवत असतील. ते मात्र गच्चीवर होते. गच्चीचं पाणी पाइपातून थेट जोत्याच्या कोपऱ्यात पडत होतं, तो पाइप ते नालीपर्यंत वळवत होते. मग त्यांनी घराभोवती माती खोदून मुरूम भरला, धुम्मस केली आणि बाहेरच्या बाजूला उतार देऊन काँक्रीटची पट्टी ओतली. न्हाणीघराची गळकी नळजोडणी बदलली. हे सगळं झाल्यावर ते भेगेकडे वळले.

“रंग कधी?” मी विचारलं.

“दोन पावसाळे जाऊ द्या ताई. काळी माती हाय ही. दोन पावसाळे पाहिल्याबिगर भिंत खरं बोलत नाही.”

त्यांच्या बोलण्याला शास्त्राचा पूर्ण आधार आहे. मराठवाड्याची काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. परभणीचा मे महिना चव्वेचाळीस अंशांपर्यंत जातो, तेव्हा शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. हेच वरखाली होणं घराच्या पायाखालीही चालू असतं. घराची एक बाजू ओली नि दुसरी कोरडी राहिली की पाया सारखा उचलला जात नाही आणि भिंत तिरपी फाटते. म्हणून जाणता माणूस पाया मुरूम लागेपर्यंत खाली नेतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी तळाशी फुगवटा असलेले खांब विकसित केले. पण चाळीस वर्षांपूर्वी कुणी काटकसर करून दोन-अडीच फुटांवर पाया थांबवला असेल, तर आज ते वरून दिसत नाही. ते फक्त पाऊस दाखवतो.

मामांनी भेगेवर काचेची एक अरुंद पट्टी आडवी ठेवली, तिची दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली आणि शेजारी खिळ्याने तारीख कोरली. भिंत हलली की काच तडकते. शाबूत राहिली तर भेग जुनी, झोपलेली. घरात अशा पाच पट्ट्या लावल्या. मोठा पाऊस झाला की मी त्या बघायला जायची. आधी मागच्या भिंतीवरची तडकली. मामांनी ती काढली नाही, तिच्याजवळच नवी लावली आणि त्या कोपऱ्यात पुन्हा खोदलं. तिथे बुजवलेला जुना शोषखड्डा निघाला. रंग लावून घर विकलं असतं, तर तो खड्डा पुढच्या कुटुंबाच्या नशिबी आला असता.

कागदांचंही असंच आहे. तीस वर्षांचा सर्च, मालमत्ता पत्रक, घरपट्टीची थकबाकी, इसार पावती हे सगळेच करतात. खरं काम वारसांचं. या घराच्या मूळ मालकाला तीन मुलगे आणि दोन मुली. आखाडा बाळापूरला दिलेल्या थोरल्या मुलीचं नावच सौद्यात नव्हतं. “बहिणी काही म्हणत नाहीत,” हे वाक्य या व्यवहारांत फार ऐकू येतं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. दस्तलेखकाने तरुणाला बजावलं, दोघी बहिणींच्या सह्या झाल्याशिवाय रजिस्ट्री करू नको. त्या सह्यांसाठी दोन महिने गेले. थोरलीला तिचा वाटा चेकने मिळाला, याचं मला नफ्यातोट्याहून अधिक समाधान आहे. जुन्या भागात आणखी एक गोष्ट लागते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता, त्यामुळे मागचे काही दस्त उर्दूत असतात. ते वाचू शकणारी म्हातारी माणसं कमी होत चालली आहेत.

आता हिशोब. तरुणाने वही माझ्यापुढे ठेवली. घर २४ लाखांना. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारासह ६ टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार. नोंदणी फी १ टक्का, २४ हजार. एजंटाचे २४ हजार. दुरुस्ती साडेतीन लाख. एकूण २९ लाख ४२ हजार. विक्रीची अपेक्षा ३२ लाख, त्यातून पुन्हा एजंटाचे ३२ हजार. हाती राहतात २ लाख २६ हजार. पण १० लाख रुपये त्याने १२ टक्क्यांनी उचललेले. वर्षाला व्याज १ लाख २० हजार. एक वर्ष थांबला तर लाखभर उरतात, दोन पावसाळे थांबला तर १४ हजारांचं नुकसान. माळवदाच्या सागवानी तुळया विकून ते भरून काढ, असा सल्ला त्याला मिळाला होता. त्या तुळया अजून ठणठणीत असल्याने मामांनी हात लावू दिला नाही.

भिंतींवर रंग चढतात ते याच १४ हजारांपायी. माणूस मुळात वाईट नसतो. उसन्या पैशावर उतरलेल्या माणसाला व्याज पावसाची वाट बघू देत नाही. म्हणून या कामात पडणाऱ्या नवख्याला मी एवढंच सांगेन: पहिलं घर कर्जावर घेऊ नका, आणि नफा विकताना नव्हे, घेताना ठरवा. पाया शंकास्पद असेल तर किंमत तेवढी खाली आणा, नाहीतर सोडून द्या. तरुणाने शेवटी मार्ग काढला. पुढच्या दोन खोल्या, भेगेची गोष्ट आधी सांगून, महिना ७ हजारांनी भाड्याने दिल्या. वर्षाचे ८४ हजार आले आणि थांबणं झेपलं. चोवीस महिन्यांहून जास्त काळ घर ठेवलं की नफा दीर्घकालीन भांडवली धरला जातो आणि जुलै २०२४ पासून त्यावर साडेबारा टक्के कर आहे. चोवीस महिन्यांआधी विकलं तर नफा नेहमीच्या उत्पन्नात धरला जातो. हाच उद्योग पुन्हापुन्हा करणाऱ्याचं ते धंद्याचं उत्पन्न ठरू शकतं. मामांचे दोन पावसाळे आणि आयकराचे चोवीस महिने इथे जवळपास एकत्र येतात.

रोखीचा मोह मात्र कायमचा टाळायला हवा. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला २०१५ पासून कायद्याने बंदी आहे. इसार रोखीत दिला आणि मालक फिरला, तर हाती पुरावाही राहत नाही.

जुनी घरं पाडण्यापेक्षा नीट करून पुन्हा नांदती करणं हे चांगलं काम आहे, अशी माझी खात्री झाली आहे. बंद पडलेली घरं उघडतात, मिस्त्रीला काम मिळतं, भाड्याच्या खोलीतल्या कुटुंबाला आवाक्यातलं छप्पर मिळतं. अट एकच, घेणाऱ्यापासून काही लपवायचं नाही. तरुणाने काचेच्या प्रत्येक पट्टीचे तारखेसह फोटो ठेवले आहेत, तडकलेल्या पट्टीचेसुद्धा, आणि ते तो घर बघायला येणाऱ्याला दाखवतो. परभणीत घर घेणाऱ्या प्रत्येकाने विकणाऱ्याला रंगाची कंपनी विचारण्याआधी हे विचारावं: या भिंतींनी दुरुस्तीनंतर किती पावसाळे पाहिले? उत्तर दोनपेक्षा कमी आलं, तर थांबावं, किंवा भाव त्या हिशोबाने करावा.