पडलेल्या फणसाचा चौरंग

दिनांक 16 नोव्हेंबर 2018 रोजी ‘गजा’ चक्रीवादळ तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळले आणि तंजावर जिल्ह्यातील असंख्य वृक्ष उन्मळून पडले. परसातला फणस कोसळला म्हणजे घरातले वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटते. पण बहुधा त्याचे सरपणच होते. वस्तुतः याच लाकडातून तंजावरची विख्यात वीणा घडते. मग तंजावर व कुंभकोणम यांच्या दरम्यान वसलेल्या पापनाशमच्या एखाद्या घरी त्यातून चौरंग का घडू नये?

मात्र येथे घाई नडते. लाकडातील पाणी टोकांकडून झपाट्याने उडून जाते व तेथेच तडे पडतात. म्हणून ओंडका कापताच दोन्ही टोकांना मेण किंवा दाट तैलरंग लावावा. सालीआड कीड राहते, तेव्हा साल सोलून टाकावी. फळ्या पाडताना ओंडक्याचा अगदी मधला भाग वगळावा. तो हमखास फाटतो.

फळ्या जमिनीपासून हातभर उंच, सावलीत रचाव्यात. दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक येतील अशा ठेवाव्यात. माथ्यावर आच्छादन असावे, बाजू वाऱ्याला मोकळ्या असाव्यात. इंचभर जाडीस सुमारे एक वर्ष लागते. एक फळी दरमहा तोलून पाहावी. कोरड्या दिवसांतही वजन घटेनासे झाले, की लाकूड मुरले असे समजावे.

आजोबांनी लावलेल्या झाडाच्या चौरंगावर नातवंडे बसावीत, यासाठी एवढा धीर धरणे काही अधिक नव्हे.