उताणा उंदीर

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणेशचतुर्थीची सकाळ, क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमध्ये मोदकांची गडबड चाललेली. आई साताऱ्याहून आली होती. उकड तिने मळून दिली होती, सारण तयार होतं आणि पारीला कळ्या पाडण्याचं काम माझ्याकडे होतं. आमच्या घरात हे काम माझंच, कारण माझ्या मोदकाला एकवीस कळ्या पडतात असा माझा (आणि फक्त माझाच) दावा आहे. पहिल्याच मोदकाची चौथी कळी पाडताना उजव्या अंगठ्याच्या मुळापासून मनगटात अशी काही कळ गेली की पारी हातातून सुटून ताटात पडली.

"उकड कोरडी झाली का गं?" आईने विचारलं. मी "हो, जराशी" म्हणून वेळ मारून नेली. उकड अगदी लोण्यासारखी होती. त्या वर्षीचे मोदक आईने आणि आमच्या चिरंजीवांनी केले. चिरंजीवांचे मोदक कचोरीसारखे दिसत होते, पण बाप्पाने चालवून घेतले.

खरं म्हणजे हात चार महिन्यांपासून दुखत होता. बरणीचं झाकण उघडताना, चावी फिरवताना, ओला टॉवेल पिळताना. मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला सांगावं तर ती म्हणणार, "पाटा-वरवंट्यावर चटण्या वाटून आमचे हात गेले नाहीत, तू तर नुसतं बोट हलवतेस!" (पुढे सांगितलं तेव्हा ती शब्दशः हेच म्हणाली.) ऑफिसात सांगावं तर सहा आठवड्यांवर टेप-आउट, म्हणजे चिपचा नकाशा कारखान्यात रवाना करण्याची तारीख. परदेशात नोकरीवर आलेल्या माणसाला दुखणं सांगायची एक वेगळीच भीती असते, ती तुम्हा वाचकांना मी काय समजावणार!

मी चिपचं लेआउट करते. एखाद्या शहराचा नकाशा काढावा तसं हे काम आहे, फक्त शहर नखावर मावेल एवढं. रस्ते, पूल, गल्ल्या सगळं चौकोनांनी काढायचं. कॉम्प्युटर यातलं पुष्कळसं आपणहून करतो, पण माझा भाग ॲनालॉगचा, आणि तिथे अजून बराचसा हात चालतो. जवळ जा, लांब या, सरकवा, पकडा, सोडा, पुन्हा जवळ जा. अमेरिकेत एम.एस. करताना मी लॅबमध्ये रात्र रात्र हेच करत होते आणि हाताने कधी हूं की चूं केलं नाही. तेव्हा वय तेवीस होतं. आता चाळिशी उलटली आहे. हे काम सोडून लोकांच्या मीटिंगा लावत बसायची माझी तयारी नव्हती. हात गेला तर आपल्याकडे उरलं काय, हा विचार रात्री झोपू देत नसे.

शेजारच्या टेबलावरच्या एका चिनी सहकाऱ्याने मी हात झटकताना पाहिलं आणि विचारलं, "यू नेव्हर ट्राय ट्रॅकबॉल, मेह?"

ट्रॅकबॉल म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. जुन्या माऊसच्या पोटात रबरी गोळी असायची, आठवतं? ती काढून मुलं खेळायची आणि आत साठलेला मळ आपण नखाने खरवडायचो. तो माऊस उताणा करा, गोळी मोठी करा, आणि बोटांनी फिरवा. झाला ट्रॅकबॉल. माऊस आपण टेबलभर फिरवतो. ट्रॅकबॉल जागचा हलत नाही, त्याच्यातला चेंडू फिरतो आणि पडद्यावरचा बाण पळतो. खांदा, कोपर, मनगट जागेवर. एचडीबीच्या घरात मुलांच्या अभ्यासाची पुस्तकं आणि आपला लॅपटॉप एकाच टेबलावर नांदतात, तिथे तर याला वीतभर जागा पुरते.

शनिवारी सिम लिम स्क्वेअरला गेले. पहिल्या दुकानात "गेमिंग माऊस?" असं उत्साहाने विचारण्यात आलं. दुसरीकडे "हॅव, हॅव" म्हणत त्याने वायरलेस कीबोर्ड काढला. तिसऱ्या ठिकाणी मिळाला. अंगठ्याने चेंडू फिरवायचा प्रकार होता. दिसायला नेहमीच्या माऊससारखा, हातात छान बसणारा, त्यामुळे बहुतेक जण पहिल्यांदा हाच घेतात. मीही घेतला. दोन आठवडे इमानेइतबारे वापरला, आणि अंगठ्याचं दुखणं दुप्पट झालं.

मग मात्र निमूट डॉक्टर, आणि तिथून फिजिओथेरपिस्ट. त्या बाईंनी मला अंगठा मुठीत दाबून मूठ करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितलं. मी अशी ओरडले की बाहेरच्या बाकावरचे आजोबा डोकावले. दुखण्याचं नाव डी क्वेर्व्हेन. याच नावाच्या स्विस सर्जनने १८९५ साली त्याचं वर्णन केलं. अंगठ्याला हलवणाऱ्या दोन दोरीसारख्या कंडरा मनगटाजवळ एका अरुंद नळीतून जातात, तिथे सूज आली की प्रत्येक हालचालीला घासतात. तान्ह्या बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांना हे हमखास होतं. ज्याचं नाव आपण सगळे ऐकून असतो त्या कार्पल टनेलपेक्षा हे वेगळं. त्यात मनगटातून जाणारी नस दाबली जाते आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येतात. माझी नस ठीक होती, अंगठा बिघडला होता.

"आणि तुम्ही या अंगठ्यानेच दिवसभर चेंडू फिरवता?" बाईंनी विचारलं. इंजिनियर म्हणवून घेणाऱ्या माझ्यासारखीला त्यावर उत्तर सुचलं नाही. भार हलवायचा म्हणून जे यंत्र आणलं त्याने भार नेमका मोडक्या खांबावर टाकला होता!

त्यांनी मनगटाला पट्टा दिला, व्यायाम दिले, आणि सांगितलं की ट्रॅकबॉलच हवा असेल तर बोटांनी फिरवायचा घ्या. त्यात मोठा चेंडू मधोमध असतो, जवळजवळ बिलियर्डच्या चेंडूएवढा, आणि तो दोन-तीन बोटांच्या पेरांनी फिरवतात. शिवाय दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे डाव्या हातालाही चालतो. हा दुसरा घरी आला तेव्हा नवऱ्याने पहिल्याची किंमत विचारली. मी विषय बदलला.

त्याच सुमारास यांचे एक मित्र जेवायला आले होते, मर्चंट नेव्हीत कॅप्टन. टेबलावरचा चेंडू बघून म्हणाले, "वहिनी, हे तर आमच्या रडारचं खेळणं! तुमच्याकडे कसं?" जहाजाच्या ब्रिजवर रडारच्या पडद्यावरचं दुसरं जहाज निवडायला हाच चेंडू असतो म्हणे. "बोट डोलायला लागली की तुमचा माऊस टेबलावर राहील का?" ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावरून रात्री जहाजांचे दिवे आपण सगळेच पाहतो. त्या दिव्यांमागे कुणीतरी असा चेंडू फिरवत बसलेलं असतं, हे डोक्यात आलं नव्हतं. आणि मग आठवलं, आमच्या मुलाच्या वेळी सोनोग्राफी करणारी बाई उजव्या हाताने पोटावर यंत्र फिरवायची आणि तिचा डावा हात सारखा एका चेंडूवर असायचा. मुलाच्या मांडीच्या हाडाची लांबी तिने त्या चेंडूनेच मोजली होती! मी तेव्हा पडद्याकडे बघत होते, हाताकडे कोण बघतो?

म्हणजे हे अडगळीतलं खेळणं नव्हे. जिथे चूक चालत नाही, जागा नाही किंवा जमीन हलते, तिथे ते पहिल्यापासून ठाण मांडून आहे. ब्रिटिश नौदलासाठी काम करणाऱ्या राल्फ बेंजामिन यांनी १९४६ साली रडारच्या पडद्यासाठी अशी गोळी योजली, पण लष्करी गुपित म्हणून ती बाहेर आलीच नाही. १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलासाठी टॉम क्रॅन्स्टन, फ्रेड लाँगस्टाफ आणि केनियन टेलर यांनी बनवलेल्या यंत्रात तर चक्क बोलिंगचा चेंडू बसवला होता. डग्लस एंगलबार्ट यांचा लाकडी माऊस आला १९६४ मध्ये, आणि त्याच्या पोटात गोळी नव्हती, दोन चाकं होती. गोळीचा माऊस जर्मनीतल्या टेलिफुंकेन कंपनीचा. त्यांच्याकडे विमानं हाकणाऱ्या नियंत्रकांसाठी टेबलात बसवलेला ट्रॅकबॉल होता. टेबलाला भोक पाडायला नको म्हणून राइनर मालेब्राइन या इंजिनियरने तो पालथा घातला आणि हातात दिला. नाव ठेवलं रोलकुगेल, म्हणजे गडगडणारी गोळी. हे १९६८ साल. त्याच वर्षी ९ डिसेंबरला एंगलबार्टनी सॅन फ्रान्सिस्कोत आपला माऊस जगाला दाखवला आणि पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे. तेव्हा ट्रॅकबॉल हा उताणा उंदीर नसून आपला उंदीरच पालथा ट्रॅकबॉल आहे. शीर्षक त्यामुळे चुकलंय, पण आता राहू दे.

१९९१ साली ॲपलच्या पहिल्या पॉवरबुकमध्ये कीबोर्डच्या पुढे असाच चेंडू होता. तीन वर्षांत त्याची जागा सपाट पॅडने घेतली, आणि चेंडू घराघरांतून गेला तो गेलाच.

आता सवयीबद्दल खरं ते सांगते. पहिले तीन दिवस मी रडकुंडीला आले. बाण कुठेही पळायचा. एक रेघ काढायला मिनिट लागायचं. टेप-आउट जवळ आलेलं, आणि मी चाळिशीत पाटी-पेन्सिल घेऊन बसलेली. शेवटी धीर करून मॅनेजरला सगळं सांगितलं. मनात सतरा शंका घेऊन गेले होते, तो एवढंच म्हणाला की आधी का नाही सांगितलंस, आणि माझे दोन ब्लॉक दुसऱ्याकडे दिले. चार महिने मी कशाला घाबरत होते, कोण जाणे.

दहाव्या दिवशी हात वळला. बारीक कामाला ट्रॅकबॉल उलट सरस वाटतो. एका बोटाने चेंडू किंचित हलवला की बाण केसभर सरकतो. माऊस तेवढा सरकवायला अख्खा हात आवरून धरावा लागतो. अवघड जातं ते ओढून नेणं, म्हणजे बटण दाबून धरायचं आणि त्याच हाताने चेंडूही फिरवायचा. त्यावर मी एक क्लिक सुरुवातीला, एक शेवटी, अशी सवय लावून घेतली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ते चालतं. नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी पाच मिनिटांत तो परत केला.

आणखी एक. कीबोर्डच्या उजवीकडची आकड्यांची पट्टी हात बाहेर ढकलते, ते दुखणं ट्रॅकबॉल आणूनही तसंच राहतं. मी बिनआकड्यांचा छोटा कीबोर्ड घेतला आणि दुपारनंतर ट्रॅकबॉल डाव्या हाताला देते. हात बरा व्हायला पाच महिने लागले. त्यात पट्ट्याचा वाटा किती, व्यायामाचा किती, विश्रांतीचा किती आणि चेंडूचा किती, हे मला सांगता येणार नाही. सगळं श्रेय चेंडूला देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, आणि आधी डॉक्टरला हात दाखवा. माझी तीन आठवड्यांची आणि एका ट्रॅकबॉलची बचत झाली असती.

देखभाल म्हणाल तर सोपी आहे. चेंडू तीन बारीक मण्यांवर टेकलेला असतो, त्या मण्यांभोवती धूळ साचते आणि चेंडू अडखळतो. आठवड्यातून एकदा तो बाहेर काढायचा आणि फडक्याने मणी पुसायचे. माझा चेंडू काळा, गुळगुळीत. मागच्या खेपेला आई आली तेव्हा मी रविवारी सकाळी तो वाटीत काढून पुसत होते. आईने चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "शाळिग्राम कधी आणलास गं?"

या वर्षीच्या चतुर्थीला एकवीस मोदकांपैकी चौदा मी केले. कळ्या अकराच्या वर जात नाहीत, आणि पंधराव्या मोदकाला आईने माझ्या हातातली पारी काढून घेतली.

तो पहिला, अंगठ्याचा ट्रॅकबॉल अजून ड्रॉवरमध्ये नव्यासारखा पडून आहे. मनगट किंवा खांदा दुखतोय, पण अंगठा धडधाकट आहे, अशा कुणाला महिनाभर वापरून बघायचा असेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला भेटा. पैसे नकोत. फक्त आमच्या यांच्यासमोर किंमत विचारू नका.