मनगटावरच्या बँडला भावना कळते का?

पीएचडीसाठी विषय शोधताना ‘वेअरेबल सेन्सरवरून भावना ओळखणे’ हा विषय कधी ना कधी तुमच्यासमोर येणारच. तो घेण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बँड भावना मोजत नाही, शरीरातली खळबळ मोजतो.

म्हणजे काय? बँडमधला हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तप्रवाहावरून नाडी पकडतो. दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं, तेही त्यातूनच काढतात. दुसरा सेन्सर त्वचेची विद्युतवाहकता मोजतो. मनावर ताण आला की घाम किंचित वाढतो आणि वाहकता चढते.

आता सांगलीच्या वालचंद कॉलेजात तोंडी परीक्षेसाठी थांबलेली मुलगी आणि साताऱ्यात यवतेश्वरचा घाट पळत चढणारा मुलगा डोळ्यासमोर आणा. दोघांचे ठोके वाढलेले, दोघांनाही घाम. हालचाल मोजणारा सेन्सर असेल तर धावणं वेगळं काढता येतं. पण पास झाल्याचा आनंद आणि नापास होण्याची भीती? दोन्हींत माणूस जागेवरच असतो आणि छाती धडधडतेच! सांगलीतला मे महिन्याचा उकाडा तर काहीही न घडता घाम काढतो.

मग भावनेचं नाव येतं कुठून? बहुतेक वेळा माणसाला विचारून. इथे भाषा आडवी येते. टेन्शन, काळजी, धाकधूक, हुरहुर हे सगळं ‘स्ट्रेस’ या एकाच लेबलखाली टाकलंत, तर मॉडेल तोच गोंधळ शिकेल.

दुसरी अडचण चाचणीची. एमआयटीच्या रोझलिंड पिकार्ड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एकाच व्यक्तीच्या नोंदींवरून आठ भावना ८१ टक्के अचूकतेने ओळखल्या. पण त्यांनाच असंही दिसलं की, एकाच दिवशीच्या वेगवेगळ्या भावनांच्या नोंदी एकमेकींच्या जास्त जवळ असतात. तीच भावना दुसऱ्या दिवशी मोजली तर नोंद दूर जाते. एकाच माणसाचं असं, तर नवख्या माणसाचं काय? २०१८ च्या ‘वेसॅड’ डेटासेटमध्ये १५ जण आहेत. त्यांच्या नोंदींचे तुकडे सरमिसळ करून तपासलंत, तर मॉडेल ताणाऐवजी माणूसच ओळखायला शिकू शकतं. म्हणून दर वेळी एक माणूस पूर्ण बाहेर ठेवून तपासा.

आणि दावा आखूड ठेवा. ‘भावना ओळखतो’ असं न लिहिता ‘बसलेल्या विद्यार्थ्याचा परीक्षेआधीचा ताण ओळखतो’ असं लिहा. उद्या कुणी असाच बँड वर्गात वापरला, तर उन्हातून चालत आलेल्या पोरावर ‘घाबरट’ असा शिक्का बसू नये.