‘लिंक आहे का रे?’ हे फादरना सांगणार का?

शुक्रवारी पिक्चर लागतो आणि शनिवारी होस्टेलच्या ग्रुपवर त्याची लिंक येते. तुम्हीही ती उघडली असेलच. चोरी केली असं वाटलं? नाहीच वाटत. कुणाच्या खिशातून काही गेलेलं दिसत नाही ना!

आता हाच प्रश्न घेऊन जरा हरेगावला चला. श्रीरामपूर तालुक्यातलं हे गाव सप्टेंबरमधल्या मतमाउलीच्या यात्रेसाठी ओळखलं जातं. आपल्या जिल्ह्यातल्या कॅथलिक पोरापोरींना कन्फेशन, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली, नवीन नाही. आईवर ओरडलो, खोटं बोललो, हे तिथं आठवतं. डाउनलोड केलेले पिक्चर आठवतात का?

चर्चच्या शिकवणीत याचं उत्तर आहे. सातवी आज्ञा चोरीला मनाई करते. १९९२ मध्ये आलेला कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचा ग्रंथ, सांगतो की मालकाच्या रास्त इच्छेविरुद्ध त्याचं काही घेणं ही चोरी. जीव जगवण्यासाठी भुकेल्यानं अन्न घेतलं, तर ती चोरी ठरत नाही. पण वेबसिरीजचा नवा सीझन म्हणजे काही भाकरी नव्हे!

मग प्रत्येक डाउनलोड महापाप? तसंही नाही. गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी लागतात. बाब गंभीर हवी, तिची पूर्ण जाणीव हवी आणि ती राजीखुशीनं केलेली हवी. एखादा पिक्चर फुकट पाहणं आणि चोरीच्या पिक्चरचं चॅनल चालवून पैसे कमावणं एकाच तराजूत बसत नाही.

खरी गोची पुढे आहे. कबुली दिली, क्षमा मिळाली, विषय संपला? नाही! चोरीत नुकसानभरपाईही करावी लागते. फाइल डिलीट केली म्हणून पैसे परत जात नाहीत. मग तिकीट काढा, पुस्तक विकत घ्या. मालकापर्यंत पोहोचणं शक्यच नसेल तर तेवढी रक्कम गरिबांना द्यावी, अशी जुनी शिकवण आहे.

आणि मालक म्हणजे कायम मुंबईतला कुणी शेठ, असंही नाही. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात मास कम्युनिकेशन शिकले. २०१६ मध्ये त्यांचा ‘सैराट’ थिएटरात जोरात चालू असतानाच त्याची कॉपी नेटवर फुटली. खिसा कुणाचा तरी असतोच. कधी तो आपल्याच गावात शिकलेल्या सीनियरचा निघतो.

२०२३ च्या कायदादुरुस्तीनं थिएटरात चोरून शूटिंग करणाऱ्याला ३ महिने ते ३ वर्षं तुरुंगवासाची तरतूद केली. फक्त लिंक उघडणाऱ्याच्या दारात मात्र पोलीस सहसा येत नाहीत. कन्फेशनलाही कुणी पकडून नेत नाही, आपण आपल्या पायांनी जातो. तिथलं बोलणं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत.

तुम्ही ख्रिश्चन नसाल, तरी आज एकदा मोबाइलची गॅलरी उघडा. त्यातलं किती आपलं आहे, एवढं स्वतःला तरी खरं सांगाल?